ओव्हरफ्लोचा ताप

ताप उतरला म्हणजे दुखणे गेले असे समजू नये, ताप कशाने आला ते आधी शोधावे, असे आपल्या घरातली जुनी माणसे सांगत असत. जुन्या पेट्रोल गाड्यांनाही असाच एक ताप येतो. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. कार्बोरेटरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल येते, इंजिन गुदमरते, काळा धूर निघतो आणि गाडी गरम असताना सुरू होत नाही. यावर प्रत्येकाजवळ एकेक गोळी तयार असते. कुणी स्क्रू फिरवतो, कुणी प्लग बदलतो, कुणी धक्का मारायला चार पोरे बोलावतो. मूळ दुखणे मात्र तसेच राहते.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. गाड्यांचे शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण जुन्या हुबळीतल्या आमच्या सासरी एक जुना पेट्रोल ट्रक आहे, आणि यंदा त्याच्यामुळे घरात जो वाद झाला, त्यातून मला या विषयात लक्ष घालावे लागले. जे पाहिले आणि समजून घेतले ते वाचकांपुढे ठेवते आहे. ज्यांच्या घरी ट्रक नाही, पण जुनी स्कूटर किंवा मोटारसायकल आहे, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

पेट्रोल ट्रकांचा काळ

आजच्या मुलांना ट्रक म्हटला की डिझेलच आठवते. पण आपल्याकडे मालवाहतूक सुरू झाली ती मुख्यतः पेट्रोल इंजिनांवर. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने पुढे कुर्ल्यात डॉज आणि फार्गो गाड्या तयार केल्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला जी पहिली एस.टी. सुटली, ती बेडफर्ड होती. तेव्हा हुबळी-धारवाडही मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपण म्हैसूर राज्यात आलो, पण रस्ते तेच राहिले आणि गाड्याही त्याच.

१९५४ पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज डिझेल ट्रक येऊ लागले आणि चित्र पालटत गेले. डिझेलला कार्बोरेटर नसतो. तिथे पंप आणि नोझल तेल थेट इंजिनात फवारतात. शिवाय खर्च कमी. अनेक मालकांनी जुन्या गाड्यांतले पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवून घेतले. आमच्या सासऱ्यांनी तसे केले नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी हा ट्रक वापरलेलाच घेतला. ब्याडगीची मिरची आणि कापसाच्या गाठी त्यातून हुबळीच्या बाजारात आल्या. पुढे धंद्यासाठी डिझेल गाडी आली, पण हा सहा सिलिंडरचा म्हातारा घराशेजारच्या शेडमध्ये राहिला. गल्लीच्या गणपतीला वर्षातून एकदा हाच ट्रक लागतो. सासरे गेल्यावर तर सासूबाईंच्या दृष्टीने तो नुसता ट्रक राहिला नाही.

वाद कशाचा?

यंदा श्रावणात ट्रक काढला तेव्हा गल्लीभर पेट्रोलचा वास सुटला. धूर काळाकुट्ट. शेजारच्या कन्नड आजी ओट्यावरूनच ‘करी होगी, करी होगी’ म्हणून ओरडल्या. धाकट्या दिरांनी बॉनेट उघडले तर कार्बोरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळत होते. या इंजिनात कार्बोरेटर जिथे बसतो त्याच बाजूला खाली एक्झॉस्टचा लोखंडी मॅनिफोल्ड असतो, आणि तो चांगला तापलेला असतो. म्हणजे तव्यावर तेलाची धार धरल्यासारखाच प्रकार.

जुन्या हुबळीतली घरे कशी आहेत हे इथल्या वाचकांना सांगायला नको. भिंतीला भिंत लागलेली. शेडच्या पलीकडे एक स्वयंपाकघर, अलीकडे दुसरे. आमचे यजमान म्हणाले, “भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. एक ठिणगी पडली तर गल्लीला काय तोंड दाखवायचं?” त्यांचे चुकत नव्हते. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे घरात सगळ्यांना ऐकू येत होते. शेवटी असे ठरले की दुखणे मुळापासून जात असेल तर ट्रक ठेवायचा, नाहीतर गणपतीआधीच द्यायचा.

त्याआधी ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने येऊन मिक्श्चरचा स्क्रू घट्ट केला होता. एक दिवस बरे गेले, पुन्हा तेच. हे असे का झाले हे समजायचे तर कार्बोरेटर म्हणजे काय ते आधी पाहावे लागेल.

घरातली टाकी आणि गाडीतली टाकी

हुबळीत वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत आले आहे. त्यामुळे घरोघरी टाकी असते आणि टाकीत तरंगता गोळा असलेला कॉक असतो. पाणी चढले की गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की गोळा खाली येतो आणि नळ उघडतो. कार्बोरेटरच्या पोटात अगदी हीच व्यवस्था असते. छोटीशी वाटी, तिच्यात पितळी पत्र्याचा पोकळ फ्लोट, आणि फ्लोटने उचलली जाणारी एक टोकदार सुई. पेट्रोल ठराविक पातळीला आले की सुई भोकात बसते आणि वाट बंद होते. मराठीत सुई, कन्नडमध्ये सूजी. गॅरेजमध्ये दोन्ही भाषांची माणसे या शब्दावर अडत नाहीत.

वाटीतली पातळी नेमकी असावी लागते. तिथून बारीक नळीने पेट्रोल हवेच्या वाटेत येते आणि हवेबरोबर उडून इंजिनात जाते. पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. वाटीतली पातळी चढली तर पेट्रोल ओढले न जाता आपोआप ओघळू लागते. मिश्रण दाट होते, प्लग ओले आणि काळे होतात, ठिणगी पडत नाही. मिक्श्चरच्या स्क्रूचा परिणाम इंजिन मंद चालत असतानाच्या मिश्रणापुरता असतो. टाकी वाहत असताना न्हाणीघरातला नळ घट्ट केल्यासारखाच तो उपाय. वाटीतली पातळी त्याने तसूभरही उतरत नाही.

मेस्त्रींची तपासणी

दिरांनी मग एका जुन्या मेस्त्रींना आणले. वय सत्तरीच्या पुढे. कन्नड, मराठी आणि दखनी तिन्ही एकाच वाक्यात बोलणारे. मला ते अक्का म्हणतात, मी त्यांना काका. आल्या आल्या दिरांनी चावी फिरवायला हात घातला तर ते म्हणाले, “स्वल्प तडीरी, साहेब. आधी बघू, मग चालू करू.”

त्यांनी पहिल्यांदा ऑईलची पट्टी काढली. पातळी खुणेच्या वर गेली होती आणि पट्टीला पेट्रोलचा वास येत होता. ओव्हरफ्लोचे जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरते. ऑईल पातळ होते आणि बेअरिंगांना हवे तसे वंगण मिळत नाही. ‘ऑईल वाढलं, बरं झालं’ असे वाटून कुणी गाडी पळवली तर इंजिनच जाते. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तरी ऑईलमध्ये पेट्रोल येते, म्हणून मेस्त्रींनी पंप सोडून पाहिला. पडदा शाबूत होता. ऑईल काढून टाकले आणि नवे भरले.

मग हवेची जाळी काढून, ओले प्लग पुसून, आग विझवायची पावडरची नळकांडी हाताशी ठेवून इंजिन मंद चालू केले. माझ्या धाकट्या मुलाला त्यांनी बॅटरी धरून कार्बोरेटरच्या तोंडात पाहायला सांगितले. “मधल्या नळीतून थेंब पडतंय का?” पडत होते. ही खूण महत्त्वाची आहे. इंजिन मंद चालताना त्या नळीतून काही यायला नको. तिथे थेंब दिसले तर दोष पातळीचा, म्हणजे सुई, फ्लोट किंवा पंपाच्या दाबाचा. थेंब नाहीत पण धूर काळा, तर चोक अडकला आहे का, हवेची जाळी कोंदली आहे का, ते पाहायचे. गाडी चालताना ठीक, पण बंद केल्यावर काही मिनिटांनी वास आणि थेंब, तर ती उष्णता. तापलेल्या इंजिनावर वाटीतले पेट्रोल उकळून वर येते. तीन दुखणी आहेत, पण लक्षण दिसायला एकच.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची तार काढली आणि वाटीचे झाकण उघडले. सुईच्या भोकात तांबूस कण अडकला होता. दीर आनंदाने म्हणाले, “सापडलं! करा बंद.”

मेस्त्रींनी मान हलवली. “एक चोर सापडला म्हणून दार लावू नका. दुसरा आत असंल.”

कण काढून त्यांनी सुई भिंगाखाली पाहिली. जुन्या सुईच्या निमुळत्या टोकाला भोकाच्या कडेने गोल चरा पडतो. तसा पडला असेल तर सुई आणि तिची बैठक दोन्ही एकत्रच बदलावी, कानसीने घासून काम भागवू नये. आमची सुई बरी निघाली. “सूजी छलो ऐत्री,” असे म्हणून त्यांनी फ्लोट हातात घेतला आणि कानाशी नेऊन हलवला. मग मला दिला. नारळ हलवल्यावर होतो तसा अगदी बारीक आवाज आत होता.

पोकळ फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले होते.

“घरातून गरम पाणी आणा, अक्का. शेगडी इथं नको, पाणी आणा.”

मी पातेल्यात पाणी तापवून नेले. सासूबाईही मागोमाग आल्या. अंगणात, शेडपासून लांब, मेस्त्रींनी फ्लोट चिमट्याने पाण्याखाली धरला. सांध्याच्या एका टोकाकडून बुडबुड्यांची बारीक माळ वर येऊ लागली. आतली हवा तापून फुगते आणि छिद्रातून बाहेर पडते, म्हणून जागा सापडते. दुखणे पुन्हा पुन्हा का यायचे त्याचे उत्तरही याच माळेत होते. इंजिन तापले की फ्लोटमधली हवा बाहेर जायची. थंड होताना तेच छिद्र पेट्रोल आत ओढायचे. दर फेरीला फ्लोट थोडा जड व्हायचा, उशिरा तरंगायचा आणि पातळी चढायची. स्क्रू फिरवून एखादा दिवस बरा जाई तो योगायोग होता.

डाग आणि वजन

फ्लोटला डाग देता येतो, पण त्याला पथ्ये आहेत. आत पेट्रोलचा अंश असताना तापलेली डागणी जवळ नेली तर फ्लोट फुटून माणूस भाजेल. आतले पेट्रोल पूर्ण काढून, गरम पाण्यात वाफ जाईपर्यंत ठेवून, पूर्ण वाळवूनच काम करायचे. आणि डाग जितका कमी तितका बरा, कारण डागाचेही वजन असते. जड फ्लोट उशिरा उचलला जातो आणि पातळी पुन्हा चढते. शक्य तिथे नवा फ्लोट बसवावा हे उत्तम. आमच्या मेस्त्रींनी आपल्या जुन्या डब्यातून त्याच मापाचा एक चांगला फ्लोट शोधून काढला. सुईच्या बैठकीखाली जो वॉशर असतो तोही त्यांनी होता तेवढ्याच जाडीचा घातला. त्याच्या जाडीवर पातळी ठरते. हाताला लागेल तो वॉशर घातला की नवे दुखणे सुरू.

आता दीर खरोखरच झाकण लावायला निघाले. मेस्त्री म्हणाले, “आणि तो कण कुठनं आला?”

तो टाकीतून आला होता. वर्षभर अर्धी रिकामी राहिलेली लोखंडी टाकी आतून गंजली होती. इथे आजच्या पेट्रोलचाही विचार करायला हवा. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल ओलावा ओढून घेते, टाकीतला जुना चिकट थर सुटा करते, आणि जुन्या जातीचे रबर व बूच त्यात फुगतात किंवा कडक होतात. जुन्या गाडीत असे पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवणे बरे नव्हे. टाकी उतरवून धुतली, नवी गाळणी बसवली, पंपाचा पडदा शाबूत असूनही आजच्या पेट्रोलला टिकणारा नवा घातला. शेवटी पंपाचा दाब मोजला. अशा पंपांना चौरस इंचाला साधारण तीन ते पाच पौंड पुरतो. याहून फार जास्त असेल तर चांगली सुईही उचलली जाते. आमचा बरोबर होता.

घरच्यांनी काय करावे?

यातले सगळे घरी करण्यासारखे नाही. काही गोष्टी मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात.

पेट्रोलचा वास आला की गाडी सुरू करण्याचा हट्ट धरू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत, खड्ड्यात, गटारात साचते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. शेडचे दार उघडे ठेवावे. उदबत्ती, निरांजन, विडी जवळ नको. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये, आग पसरते. कोरडी पावडर किंवा वाळू वापरावी.

गळती नाही पण इंजिन गुदमरले आहे, असे असेल तर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मग चोक पूर्ण उघडा ठेवून, ॲक्सिलरेटर एकदाच शेवटपर्यंत दाबून धरून स्टार्टर मारावा. पेडल वर-खाली करू नये. प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जाते. याने भागले नाही तर प्लग काढून वाळवावेत. प्लग बाहेर असताना इंजिन फिरवायचे असेल तर कॉईलची तार आधी काढावी, कारण भोकातून पेट्रोलचा फवारा येतो.

ज्यांच्याकडे जुनी स्कूटर किंवा मोटारसायकल आहे त्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. आमच्या ट्रकची टाकी कार्बोरेटरच्या खाली आहे. इंजिन बंद झाले की पंप थांबतो आणि पुरवठा थांबतो. दुचाकीची टाकी वर असते. तिथे सुई गळत असेल तर पेट्रोल रात्रभर झिरपत राहते. म्हणून गाडी लावली की कॉक बंद करायची जुनी सवय मोडू नये.

हातातले ज्ञान

कार्बोरेटरचा काळ संपत आला आहे. इसवी सन २००० च्या सुमारास नव्या मोटारींतून तो गेला. १ एप्रिल २०२० पासूनच्या नियमांनंतर नव्या दुचाक्यांतूनही तो बहुतांशी गेला. आजचा तरुण मेकॅनिक संगणकाची तार जोडतो आणि दोषाचा आकडा वाचतो. त्यात वाईट काही नाही, त्या गाड्यांना तेच लागते. पण कानाशी फ्लोट हलवून ऐकणारे हात आपल्या गावात आता मोजके उरले आहेत, आणि त्यांनी हे कुठे लिहून ठेवलेले नाही. माझ्या मुलाने मेस्त्रींची सगळी पायरी-पायरीची तपासणी वहीत उतरवून घेतली, मराठीत, आणि मेस्त्रींचे शब्द जसेच्या तसे कन्नडमध्ये. ज्यांच्या घरी असे कुणी काका, मामा, आजोबा आहेत, त्यांनी मुलांना त्यांच्याजवळ बसवून हे करून घ्यावे.

कन्नडमध्ये एक म्हण आहे, ‘ताळिदवनु बाळियानु’. जो धीर धरतो तो तरतो. मेस्त्रींचा धीर हा नुसता थांबण्याचा नव्हता. एक कारण सापडल्यावर त्याच्यामागचे दुसरे विचारण्याचा तो धीर होता. कण सापडला तिथे थांबलो असतो तर फ्लोट राहिला असता, फ्लोटपाशी थांबलो असतो तर टाकी राहिली असती, आणि महिन्याभरात भंगारवाला दारात उभा राहिला असता.

भंगारवाल्याला तूर्त नाही म्हणून कळवले आहे. यजमानांनी मात्र अटी घातल्या आहेत. शेडमध्ये आग विझवायची नळकांडी कायम राहील, पंधरा दिवसांनी एकदा ट्रक बाहेर काढून चालवायचा, आणि प्रत्येक वेळी आधी ऑईलची पट्टी पाहायची. पट्टी पाहण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. त्या ती पुसतात, बुडवतात, खुणेशी डोळे बारीक करून पाहतात, नाकाशी नेतात, आणि मगच दिरांच्या हातात चावी देतात.